देशाचा हिशेब कोण ठेवतो? आफ्रिकेतील राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीची ऐंशी वर्षे

५ नोव्हेंबर २०१० रोजी पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाच्या सांख्यिकी खात्याने एक निवेदन प्रसिद्ध केले. देशाचे स्थूल देशांतर्गत उत्पादन आजवर सांगितले जात होते त्यापेक्षा साठ टक्क्यांहून अधिक आहे, असे त्यात म्हटले होते. तोपर्यंत जगाच्या नकाशावर घाना हा ‘अल्प उत्पन्न’ गटातील देश होता. नव्या आकड्यांमुळे तो ‘निम्न-मध्यम उत्पन्न’ गटात जाऊन बसला. त्या आठवड्यात कोकोचे पीक काही वाढले नव्हते, की सोन्याची नवी खाण लागली नव्हती. समुद्रात तेल सापडले होते खरे, पण ते बाहेर काढायला अजून महिनाभर अवकाश होता. डिसेंबर २०१० मध्ये त्याची सुरुवात झाली. आक्राच्या बाजारात टोमॅटो विकणाऱ्या बाईच्या गल्ल्यात आदल्या दिवशी जेवढे पैसे होते तेवढेच दुसऱ्या दिवशीही होते.

मग साठ टक्के उत्पादन आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण अर्थशास्त्रापेक्षा मापनशास्त्राच्या प्रांतात अधिक शिरतो. म्हणूनच हा विषय विज्ञानाच्या मासिकात आणावासा वाटला.

देशाचे उत्पादन म्हणजे एका वर्षात देशाच्या हद्दीत तयार झालेल्या वस्तू व सेवांचे मूल्य, दुहेरी मोजणी टाळून. शेतकऱ्याचा गहू, गिरणीतले पीठ आणि बेकरीतला पाव या तिन्हींच्या किमतींची बेरीज केली तर गहू तीनदा मोजला जातो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर किती मूल्य वाढले तेवढेच धरायचे. हे शाळेच्या पुस्तकातही असते. पुस्तकात नसते ते हे, की दरवर्षी देशातील प्रत्येक शेत, दुकान, कारखाना व रिक्षा मोजणे कोणालाच शक्य नसते. म्हणून एखादे वर्ष निवडून त्या वर्षी कसून मोजणी करतात. त्याला आधारभूत वर्ष म्हणतात. पुढील वर्षांसाठी नवी मोजणी न करता एखादा सोयीचा निर्देशक वापरतात. बांधकाम किती वाढले हे सिमेंटच्या खपावरून, वाहतूक किती वाढली हे नोंदलेल्या वाहनांवरून, असे.

समजा, एका गावातील सर्व दुकानांची यादी आपण १९९३ साली केली आणि दरवर्षी त्याच दुकानांना ‘धंदा किती वाढला?’ असे विचारत राहिलो. काही दुकाने बंद पडतील, ती आपल्याला कळतील. पण नवी जी उघडतील, ती आपल्या यादीत नाहीतच. गाव वाढत जाईल तसतसा आपला हिशेब गावापेक्षा लहान होत जाईल. घानाचे आधारभूत वर्ष १९९३ होते. २०१० मध्ये ते बदलून २००६ केले गेले. मधल्या तेरा वर्षांत खासगी बँका, मोबाइल फोन, खासगी शाळा, शहरी वाहतूक अशा कितीतरी सेवा उभ्या राहिल्या होत्या. नव्या हिशेबात सेवाक्षेत्राने शेतीला मागे टाकले. साठ टक्के उत्पादन देशात होतेच. ते यादीत नव्हते.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना ही गोष्ट परकी वाटत नाही. तराजू कितीही चांगला असला तरी तो वेळोवेळी प्रमाणित करून घ्यावा लागतो, नाहीतर तो इमानेइतबारे चुकीची वजने दाखवत राहतो. आधारभूत वर्ष साधारण पाच वर्षांनी बदलावे, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. आपल्याकडेही २०१५ मध्ये आधारभूत वर्ष २००४-०५ वरून २०११-१२ वर आणले तेव्हा आकडे बदलले आणि त्यावर बराच वाद झाला. परंतु आफ्रिकेतील अनेक देशांत ही पाच वर्षांची पंधरा-वीस वर्षे होत गेली. असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

लंडनमध्ये बसून केलेला हिशेब

१९४१ साली, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, लंडनच्या राष्ट्रीय आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेत फिलिस डीन नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीला काम मिळाले. रिचर्ड स्टोन व जेम्स मीड यांनी त्याच सुमारास ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे कोष्टक मांडण्याची नवी पद्धत तयार केली होती. तीच पद्धत वसाहतींना लागू पडते का, हे डीनने पाहायचे होते. निवडलेल्या वसाहतींत आफ्रिकेतील उत्तर ऱ्होडेशिया (आजचा झांबिया) आणि न्यासालँड (आजचा मलावी) या दोन होत्या. युद्धामुळे प्रवास शक्य नव्हता, म्हणून सुरुवातीचे काम सरकारी कागदांवरून झाले.

कागदांत काय होते? तांब्याच्या खाणींचे हिशेब, बंदरातून व सरहद्दीवरून गेलेल्या मालाच्या नोंदी, सरकारी पगार आणि झोपडीपट्टीच्या नोंदी. ही झोपडीपट्टी म्हणजे आपल्या शहरातील वस्ती नव्हे, तर प्रत्येक झोपडीवर बसवलेला कर. ज्यावर कर मिळतो ते सरकारला नीट ठाऊक असते. ज्यावर मिळत नाही ते अंदाजाने लिहिले जाते. वसाहतीचा हिशेब त्यामुळे निर्यातीच्या बाजूने स्पष्ट आणि खेड्याच्या बाजूने धूसर असे. आणि खाणीचे तांबे देशाच्या उत्पादनात मोठे दिसले तरी नफ्याचा आणि रॉयल्टीचा मोठा भाग परदेशी भागधारकांकडे जाई. ‘देशांतर्गत’ उत्पादन आणि ‘राष्ट्रीय’ उत्पन्न यांतला फरक शिकवायला उत्तर ऱ्होडेशियाइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण.

युद्ध संपल्यावर डीन स्वतः मध्य आफ्रिकेत गेली आणि खेड्यांच्या पाहण्या केल्या. तेथे खरी अडचण समोर आली. कुटुंब जे पिकवते त्यातील बहुतेक स्वतःच खाते; बाजारात जातच नाही, तर त्याची किंमत कोणत्या भावाने धरायची? सुगीच्या वेळच्या की सुगीपूर्वीच्या टंचाईच्या? त्याहून मोठा प्रश्न बायकांच्या कामाचा होता. जळण गोळा करणे, पाणी आणणे, धान्य कांडणे, घरगुती बीअर तयार करणे, स्वयंपाक करणे यांत स्त्रियांचा दिवस जाई. इंग्लंडच्या कोष्टकात घरकामाला जागा नव्हती. डीनचे म्हणणे असे, की अशा खेड्याचे उत्पादन मोजताना ही कामे वगळणे तर्काला धरून होणार नाही. शेतात पिकलेला मका मोजायचा आणि तो खाण्याजोगा करण्याचे श्रम मोजायचे नाहीत, ही रेघ नेमकी कोठे आणि कोणत्या आधारावर ओढायची?

तिचे निष्कर्ष १९४८ आणि १९५३ मध्ये पुस्तकरूपाने आले. १९५३ मध्येच स्टोन यांच्या नेतृत्वाखालील तज्ज्ञांनी बनवलेली राष्ट्रीय हिशेबाची पहिली आंतरराष्ट्रीय पद्धती संयुक्त राष्ट्रांनी प्रसिद्ध केली. तिने सगळ्या जगाला एक साचा दिला आणि घरातील सेवा त्या साच्याच्या बाहेर ठेवल्या. पुढे १९९३ च्या सुधारणेने घरच्यासाठी आणलेले पाणी आणि जळण उत्पादनात धरायला मान्यता दिली. स्वयंपाक मात्र बाहेरच राहिला. स्टोन यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डीन केंब्रिजमध्ये आर्थिक इतिहासाची प्राध्यापक म्हणून नावारूपाला आली. तिच्या आफ्रिकेतील कामाची आठवण संशोधकांना अलीकडे होऊ लागली आहे, आणि आमच्या मते ती बरीच उशिरा झाली.

दरम्यान नायजेरियात प्रेस्ट व स्ट्युअर्ट या दोघांनी १९५०-५१ या वर्षाचे राष्ट्रीय उत्पन्न काढले, आणि स्वातंत्र्यानंतर पायस ओकिग्बो या नायजेरियन अर्थतज्ज्ञाने १९५० ते १९५७ चे हिशेब १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. आफ्रिकी माणसाने आपल्या देशाचा हिशेब स्वतः मांडण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक होता.

योजना आधी, आकडे मागाहून

१९५७ मध्ये घाना आणि १९६० या एका वर्षात तब्बल सतरा देश स्वतंत्र झाले. प्रत्येकाला पंचवार्षिक योजना हवी होती, आणि योजनेला आकडे. नायजेरियाच्या नियोजन विभागात १९६० ते १९६२ या काळात काम केलेल्या वोल्फगांग स्टोल्पर या अर्थशास्त्रज्ञाने नंतर, १९६६ मध्ये, आपल्या अनुभवांवर जे पुस्तक लिहिले त्याचे नावच ‘प्लॅनिंग विदाउट फॅक्ट्स’, म्हणजे वस्तुस्थिती हाती नसताना केलेले नियोजन, असे होते.

तरी उमेद मोठी होती. दारेसलाम येथे १९६१ मध्ये पूर्व आफ्रिकेसाठी संख्याशास्त्राचे प्रशिक्षण केंद्र निघाले. कंपालाच्या माकेरेरे विद्यापीठात १९६९ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. या ठिकाणी भारताचाही धागा आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५० पासून आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र शिक्षण केंद्र चालते आणि आशिया-आफ्रिकेतील सरकारी खात्यांतील अनेक अधिकारी तेथे शिकून गेले आहेत. भारतालाही हा प्रश्न नुकताच सोडवावा लागला होता. १९४९ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली, तेव्हा तिचे इतर दोन सदस्य होते व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. हिशेब जमत नाही म्हटल्यावर महालनोबिसांनी आधी नमुना पाहणीची कायमची यंत्रणा उभी केली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आफ्रिकेतील नव्या देशांना कोष्टके मिळाली. ती भरणारी कायमची यंत्रणा उभारायला ना पुरेसा पैसा मिळाला ना वेळ.

जमिनीतले पीक

शेतीचे उदाहरण थोडे सविस्तर पाहू, कारण अडचण कशी असते ते त्यात हाताला लागते. आपल्याकडे ज्वारी-गव्हाचे पीक एका ठरावीक वेळी कापले जाते, खळ्यावर येते, पोत्यांत भरले जाते. आफ्रिकेच्या मोठ्या भागात मुख्य अन्न कसावा आहे. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा. कसावा जमिनीत महिनोन् महिने राहू शकतो. घरातील बाई लागेल तेव्हा लागेल तेवढा उपटून आणते. त्याची सुगी नसते, खळे नसते, पोतेही नसते. ‘यंदा किती पिकला?’ या प्रश्नाचे उत्तर तिलाही देता येणार नाही. त्यात एकाच तुकड्यात मका, चवळी, भोपळा व कसावा एकत्र लावलेला. मग एकरी उत्पादन काढताना भागायचे कशाने?

याला शास्त्रीय उपाय म्हणजे पीक कापणी प्रयोग. यादृच्छिक पद्धतीने शेते निवडायची, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून वजन करायचे. या तुकड्याचा आकार केवढा असावा यावरून १९४० च्या दशकात भारतात महालनोबिस आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्यात मोठा वाद झाला. महालनोबिस लहान तुकडे पुरेसे मानत. सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखवले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन वाढून दिसते. कारण साधे आहे. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत धरण्याकडे वळतो. वर्तुळाचा परीघ भागिले क्षेत्रफळ म्हणजे २ भागिले त्रिज्या. त्रिज्या २ फूट असेल तर हे गुणोत्तर १ येते, १० फूट असेल तर एक पंचमांश. तुकडा लहान, तर कडेचा वाटा मोठा आणि चूकही मोठी. नववी-दहावीच्या वर्गात हे गणित मैदानावर दोरी आखून सहज करून दाखवता येईल.

सुखात्मे पुढे रोमच्या अन्न व शेती संघटनेत गेले आणि १९५१ पासून जवळपास दोन दशके तेथील सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. जागतिक कृषी गणना घेण्यासाठी आशिया-आफ्रिकेतील नव्या देशांच्या मागे लागण्याचे काम या काळात झाले. पण पीक कापणी प्रयोगाला माणसे लागतात. वाहन, वजनकाटा, भत्ता लागतो आणि ते दरवर्षी लागते. जेथे ते नव्हते तेथे कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याने नजरेने केलेला अंदाज वर जात राहिला. मलावीने २००५-०६ मध्ये खतांवर मोठे अनुदान सुरू केले आणि २००६-०७ च्या हंगामात मक्याचे उत्पादन ३४ लाख टन झाल्याचे कृषी मंत्रालयाने जाहीर केले. जगभर या यशाची चर्चा झाली. त्याच हंगामासाठी झालेल्या कृषी गणनेचा आकडा त्यापेक्षा बराच कमी निघाला. अनुदान यशस्वी झाले की नाही हा वेगळा प्रश्न आहे. पण ज्या खात्याने खत वाटले त्याच खात्याने पीक मोजले, एवढे आपण लक्षात ठेवावे.

आणखी एक युक्ती अनेक देशांत रूढ झाली, आणि ती आम्हाला सर्वांत धोक्याची वाटते. खेड्यातील उत्पादन मोजता येत नाही, तर ते ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते असे धरायचे. लोकसंख्या तीन टक्के वाढली की धान्यही तीन टक्के वाढले. त्यातून दरडोई उत्पादन कायम स्थिर दिसणार हे उघड आहे. मग दूर कोठेतरी एखादा संशोधक हेच आकडे घेऊन बसतो आणि ‘आफ्रिकेतील खेड्यांत अनेक वर्षे प्रगती झाली नाही’ असा निष्कर्ष काढतो. गृहीतकच फिरून निष्कर्षाच्या रूपात पुढे आलेले असते. तो संशोधक खोटे बोलत नसतो, आणि हिशेब करणारा कारकूनही नाही.

शिवाय लोकसंख्येचा आकडा तरी खात्रीचा हवा. नायजेरियात संसदेतील जागा आणि केंद्राच्या महसुलातील वाटा लोकसंख्येवर ठरू लागला, तेव्हा शिरगणती हे राजकारण झाले. १९५२-५३ मध्ये सुमारे ३ कोटी लोक होते. १९६२ ची गणना रद्द करावी लागली. १९६३ मध्ये ५ कोटी ५७ लाख भरले. म्हणजे दहा वर्षे सतत दरसाल सुमारे सहा टक्के वाढ. नैसर्गिक वाढीचा वेग चार टक्क्यांपलीकडे क्वचितच जातो, हे जीवशास्त्राच्या शिक्षकांना सांगायला नको. १९७३ ची गणनाही रद्द झाली. १९९१ मध्ये सुमारे ८ कोटी ९० लाख लोक मोजले गेले, तेव्हा तोवरचे अंदाज दहा कोटींच्या पुढचे होते!

एकट्या माणसाचे खाते

१९८० च्या दशकात तांबे, कोको, कॉफी यांचे भाव पडले, कर्जे थकली आणि आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अटींनुसार सरकारी खर्चात कपात आली. कपातीत दवाखाने आणि शाळा यांच्याबद्दल निदान ओरड तरी होते; सांख्यिकी खात्यासाठी कोण ओरडणार? गाड्यांना पेट्रोल नाही म्हणून पाहण्या थांबल्या, चांगली माणसे बँकांत किंवा परदेशी गेली. याच काळात लोकांचा व्यवहार सरकारी वाटा सोडून आडवाटेने होऊ लागला होता. सरकारी भाव परवडत नाही म्हणून घानाचा कोको सरहद्द ओलांडून शेजारच्या देशात विकला जाई. म्हणजे मोजण्याजोगे जग नजरेआड जात होते आणि नेमके तेव्हाच मोजणारे डोळे मिटत होते.

मॉर्टेन येर्वेन हे नॉर्वेजियन आर्थिक इतिहासकार २००७ मध्ये झांबियाच्या राजधानीत, लुसाकाला, राष्ट्रीय हिशेब कसा होतो हे पाहायला गेले. तीन वर्षांनी ते पुन्हा गेले तेव्हा सबंध देशाचा हिशेब एकट्या माणसावर आला होता, आणि आपण नसलो तर काय होईल याची काळजी त्या माणसालाच पडली होती. येर्वेन यांचे ‘पुअर नंबर्स’ हे पुस्तक २०१३ मध्ये आले आणि गाजले. आफ्रिकेतील काही ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांना ते मुळीच रुचले नाही. दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे प्रमुख संख्याशास्त्रज्ञ पाली लेहोहला यांनी जाहीर विरोध केला. आफ्रिकी खात्यांनी स्वतः सुरू केलेल्या सुधारणांकडे या पुस्तकात दुर्लक्ष झाले, असा त्यांचा आक्षेप होता. आम्हाला दोघांच्याही म्हणण्यात तथ्य दिसते. घानाने २०१० मध्ये केलेली सुधारणा कोणा परक्याने केलेली नव्हती. जुना आकडा चुकीचा होता हे सांगण्याचे धैर्य त्याच खात्याने दाखवले होते.

देणग्यांचाही एक गुंता आहे. १९८० नंतर परदेशी मदतीवर कुटुंबांच्या राहणीमानाच्या व आरोग्याच्या चांगल्या पाहण्या आफ्रिकेत होऊ लागल्या. त्यांतून फार मोलाची माहिती मिळाली. पण अशा पाहणीला भत्ता मिळतो, गाडी मिळते. खात्याच्या रोजच्या नोंदींना काही मिळत नाही. मग हुशार माणसे साहजिकच पाहणीवर जातात आणि किमतींची मासिक नोंद कोणीतरी नवखा करतो. पाहणी संपली की गाडी जाते, पैसा जातो. राष्ट्रीय हिशेब हे वर्षानुवर्षे न चुकता करायचे, कंटाळवाणे काम आहे, हवामानखात्याच्या वेधशाळेसारखे. एका वर्षी दहा पर्जन्यमापके लावून पुढची नऊ वर्षे काहीच मोजले नाही, तर त्या आकड्यांचा उपयोग किती?

नायजेरियाचे ८९ टक्के

६ एप्रिल २०१४ रोजी नायजेरियाने आधारभूत वर्ष १९९० वरून २०१० वर आणले. २०१३ चे उत्पादन ४२.४ लाख कोटी नायरांऐवजी ८०.२ लाख कोटी नायरा निघाले, म्हणजे ८९ टक्के अधिक. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून नायजेरिया आफ्रिकेतील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला. १९९० च्या यादीत मोबाइल फोन असणे शक्यच नव्हते. नायजेरियात मोबाइलचे परवाने २००१ मध्ये दिले गेले आणि २०१४ पर्यंत दहा कोटींहून अधिक जोडण्या झाल्या होत्या. दूरसंचाराचा वाटा जुन्या हिशेबात एका टक्क्याच्या आत होता, तो जवळपास नऊ टक्क्यांवर आला. चित्रपट आणि संगीताचा धंदा, ज्याचे नॉलिवुड हे नाव जगभर पोचले होते, पहिल्यांदा स्वतंत्र ओळीवर दिसू लागला. खनिज तेल व वायूचा वाटा सुमारे ३२ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला. हा देश फक्त तेलावर जगतो असे जग वीस वर्षे समजत होते. त्यात आकड्यांचा हात मोठा होता.

याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. भाजक मोठा झाला की कर्जाचे उत्पादनाशी असलेले प्रमाण कमी दिसते, सरकारला आणखी कर्ज काढण्याचा मोह होतो. दुसरीकडे कराचे प्रमाणही लहान दिसते आणि ‘कर वाढवा’ असा दबाव येतो. निम्न-मध्यम गटात गेल्यावर स्वस्त व्याजाच्या आंतरराष्ट्रीय कर्जाच्या सवलती हळूहळू कमी होतात. आणि हे सर्व होताना गरिबांची संख्या आहे तेवढीच असते. नायजेरियाने जुलै २०२५ मध्ये पुन्हा आधारभूत वर्ष बदलून २०१९ केले. नायरातील आकडा याही वेळी वाढला. पण २०२३ पासून नायराचा भाव इतका घसरला होता, की डॉलरमध्ये मोजल्यावर देश आफ्रिकेत चौथ्या क्रमांकावर गेला. वाढलेले नायरा खरे की घटलेले डॉलर, असे विद्यार्थी विचारतील. उत्तर देण्याआधी त्यांना थोडा वेळ वाद घालू द्यावा.

त्रुटी सांगण्याचे धैर्य

आकाशातून मोजता येणार नाही का? हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल यांनी २०१२ मध्ये उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या दिव्यांवरून आर्थिक वाढीचा अंदाज बांधता येतो असे दाखवले. कल्पना सुंदर आहे, आणि जेथे आकडेवारी अगदी कच्ची आहे तेथे उपयोगीही. पण कसाव्याचे शेत रात्री उजळत नाही. उलट नायजर नदीच्या मुखाशी तेलविहिरींवर जाळला जाणारा वायू लखलखतो. तो भाग गणितातून मुद्दाम वगळावा लागतो. उपग्रह हा जमिनीवरील मोजणीचा पडताळा होऊ शकेल, पर्याय नव्हे.

जमिनीवर मात्र बरेच काही घडले आहे. बामाकोतील ‘आफ्रिस्टाट’ ही संस्था १९९६ पासून मुख्यतः फ्रेंच-भाषक देशांच्या खात्यांना एकत्र काम करायला मदत करते. ४ फेब्रुवारी २००९ रोजी आफ्रिकी संघाने सांख्यिकीची सनद स्वीकारली. तिच्यात आकडे ठरवताना राजकीय दबाव असता कामा नये हे तत्त्व आहे. २०१५ पासून ती लागू झाली. तत्त्व लिहिणे सोपे, पाळणे अवघड. टांझानियाने २०१८ मध्ये कायदा बदलून सरकारी आकड्यांना छेद देणारी आकडेवारी प्रसिद्ध करणे गुन्हा ठरवले, आणि बाहेरून टीका झाल्यावर २०१९ मध्ये तो सौम्य केला. केनियाने २०१९ ची आणि घानाने २०२१ ची जनगणना कागदाऐवजी टॅब्लेटवर घेतली. केनियाने २०१४ मध्ये आणि घानाने पुन्हा २०१८ मध्ये आधारभूत वर्षे बदलली. दोन्ही वेळा वाढ पंचवीस टक्क्यांच्या आसपास होती.

आम्हाला सर्वांत आवडलेले उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. तेथील २०२२ च्या जनगणनेनंतर घेतलेल्या पडताळणी पाहणीत असे दिसले की सुमारे ३१ टक्के लोक मोजणीतून सुटले होते. खात्याने ते लपवले नाही. त्रुटीचे प्रमाण जाहीर केले आणि त्यानुसार दुरुस्त करून ६ कोटी २० लाख हा आकडा दिला. एवढ्या मोठ्या त्रुटीवर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी. पण प्रयोगवहीत प्रत्येक मापापुढे अधिक-उणे लिहायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, ते सरकारी आकड्यांत किती वेळा दिसते? देशाचे उत्पादन ५.३ टक्क्यांनी वाढले की ५.४ टक्क्यांनी यावर वर्तमानपत्रांत अग्रलेख येतात. आणि ज्या हिशेबावर ते उभे असते तो यादी बदलताच साठ किंवा ८९ टक्क्यांनी हलतो.

दरडोई उत्पन्न काढताना या सर्वाला लोकसंख्येने भागायचे असते. नायजेरियात २००६ नंतरची जनगणना २०२३ मध्ये व्हायची होती, ती पुढे ढकलली गेली. काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात शेवटची जनगणना १९८४ मध्ये झाली, तेव्हा त्या देशाचे नाव झाईर होते. त्यानंतर तेथे युद्धे झाली, लाखो लोक विस्थापित झाले, राजधानी किन्शासा कितीतरी पटींनी वाढली. त्या देशाचे दरडोई उत्पन्न दरवर्षी जागतिक कोष्टकांत छापून येते, डॉलरच्या एककापर्यंत.